येरळेची वाळू आणि येरळेचे पाणी

मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात बायकांना वाळू उकरून पाणी भरताना तुम्ही पाहिले असेल. हातभर खड्डा केला की तळाशी ओल दिसते, आणखी थोडे उकरले की स्वच्छ पाणी पाझरू लागते. याला झिरा म्हणतात. वरून पाहावे तर नदी आटलेली, आणि हातभर खाली ती शिल्लक! हे पाणी तेथे कसे राहिले, ते वरच्या उन्हाने उडून का गेले नाही, आणि कोणी ती वाळूच उचलून नेली तर त्याचे काय होईल, हे प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत. पण सांगली जिल्ह्यातील दोन गावांसाठी ते एके काळी जगण्याचे प्रश्न झाले होते. त्या गावांची हकीकत आणि तिच्या मागचे विज्ञान आज आपण एकत्रच पाहू या.

येरळा ही कृष्णेची उपनदी. सातारा जिल्ह्याच्या खटाव भागातून ती खाली येते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सव्वाशे किलोमीटरांच्या आत असलेल्या विटे-खानापूर परिसरात तो पाचसहाशे मिलिमीटरांवर येतो. सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक रिते झालेले असतात, म्हणून या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. या खडकात पाणी मावते ते फटींत आणि वरच्या मुरमात. शंभर घनमीटर मुरमातून विहिरीला जेमतेम दोन-तीन घनमीटर पाणी सुटते. आता याच्या शेजारी नदीतली वाळू ठेवून पाहा.

एक लिटरचा डबा घ्या आणि कोरड्या, भरड वाळूने काठोकाठ भरा. मापाने मोजून हळूहळू पाणी ओता. वाळूचा पृष्ठभाग चकाकू लागेपर्यंत साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी आत जाईल. डबा 'भरलेला' असूनही तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक रिकामा होता! कणांमधील या पोकळीच्या प्रमाणाला सच्छिद्रता म्हणतात. आता डब्याच्या तळाला खिळ्याने भोक पाडा आणि गळणारे पाणी पुन्हा मोजा. ओतले तेवढे परत येणार नाही. सुमारे अडीचशे मिलिलिटर येईल, उरलेले पृष्ठताणामुळे कणांना चिकटून राहील. विहिरीच्या दृष्टीने कामाचे पाणी म्हणजे हे गळणारे पाणी. भरड वाळूत ते घनफळाच्या साधारण पाव हिस्सा धरता येते, म्हणजे मुरमाच्या आठ-दहा पट.

एक किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि तीन मीटर जाड असा वाळूचा थर कल्पा. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या नदीचे तुम्ही मोजा.) घनफळ तीन लाख घनमीटर झाले. त्याचा पाव हिस्सा म्हणजे ७५ हजार घनमीटर, अर्थात साडेसात कोटी लिटर पाणी. भिंत न बांधता, कोणाची जमीन न बुडवता झालेला हा तलाव आहे.

आणि या तलावाला झाकणही आहे. आपल्याकडील दुष्काळी भागात उघड्या तलावातून वर्षाला दीड ते दोन मीटर उंचीचे पाणी वाफ होऊन जाते. वाळूतले पाणी मात्र वरचा थर वाळला की जवळजवळ सुरक्षित होते. याचे कारण केशाकर्षण. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते आणि त्रिज्या दहा पट कमी केली तर पंधरा सेंटिमीटर. भरड वाळूतील छिद्रे साधारण या दुसऱ्या मापाची असतात. म्हणून पाण्याची पातळी पृष्ठभागाखाली दोन-तीन विती गेली की केशाकर्षणाने वर येणारे पाणी वरपर्यंत पोहोचत नाही, आणि वाफेला कणांमधल्या हवेतून वाट काढत संथपणे बाहेर पडावे लागते. काळ्या मातीतील छिद्रे फारच सूक्ष्म असल्याने ती पाणी बरेच वर खेचते. तेव्हा पाणी टिकवण्याच्या कामी वाळूचा भरडपणा हा गुणच आहे. बांधकामाला आणि मुक्कामाला, दोहोंनाही पाण्याला तीच आवडते म्हणा ना!

तुम्ही विचाराल, नदीला उतार असतो, मग हे पाणी वाळूतून वाहून खाली का जात नाही? जाते, पण गती पाहा. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना आंरी दार्सी या अभियंत्याने वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ मध्ये आपला नियम मांडला. वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग हा वाळूची पारगम्यता आणि पाण्याच्या पातळीचा उतार यांच्या गुणाकाराइतका असतो. भरड वाळूची पारगम्यता दिवसाला २५ मीटर आणि उतार पाचशे मीटरला एक मीटर धरा. गुणाकार येतो दिवसाला पाच सेंटिमीटर. पाणी फक्त छिद्रांतून जात असल्याने त्याला सच्छिद्रतेने भागले, तर खरा वेग सुमारे चौदा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला पन्नास मीटर. एक किलोमीटर ओलांडायला या पाण्याला वीस वर्षे लागतील. पुराचे पाणी तेवढेच अंतर काही मिनिटांत कापते. नदीकाठच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी असते ते वाळूच्या या आळशीपणामुळे.

ट्रकाबरोबर काय जाते?

बांधकामाची वाळू 'ब्रास'वर विकली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. दोन ब्रासचा ट्रक पात्रातून बाहेर पडला की सुमारे चौदाशे लिटर पाणी साठण्याची जागा त्याच्याबरोबर जाते. ट्रक भरताना त्या वाळूत पाणी नसेलही, पण पुढच्या पुरात जे तेथे मुरले असते ते आता मुरणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शिवाय उरलेल्या खड्ड्यात पाणी उघडे पडते आणि उन्हाला वाट मिळते. खड्डा आजूबाजूच्या पातळीहून खोल असेल, तर दार्सीच्या नियमाप्रमाणे त्याच्याकडे जाणारा उतार वाढतो आणि काठच्या विहिरींतले पाणीही तिकडे निघते.

नवी वाळू येत नाही का? येते, पुराबरोबर येते. पण बेसाल्टच्या प्रदेशात ती मुळात कमी तयार होते. ग्रॅनाइट झिजला की त्यातील गारेचे टणक कण वाळू म्हणून उरतात. बेसाल्टमध्ये ही गार जवळजवळ नसते, आणि तो कुजून मुख्यतः आपली काळी माती होते. आपल्या नद्यांची वाळू त्यामुळे कंजुषाच्या ठेवीसारखी थेंबे थेंबे साठलेली आहे. त्यात वरच्या अंगाला धरणे झाली की येणारी वाळू तेथेच अडकते.

ही सारी गणिते बलवडी आणि तांदुळवाडी या येरळाकाठच्या गावांनी कागदावर मांडण्याआधी विहिरींत पाहिली. १९८० नंतरची ती वर्षे फार कठीण होती. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. या भागातील घराघरांतून माणसे गिरण्यांत होती. ती गावी परतली, तर गावात दुष्काळ. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची आणि समोर नदीतून ठेकेदारांचे वाळूचे ट्रक जाताना पाहायचे. वाळूचा लिलाव सरकार करी, पैसा सरकारला आणि ठेकेदाराला मिळे. गावाच्या वाट्याला विहिरींची उतरलेली पातळी येई.

मुक्ती संघर्ष चळवळीच्या झेंड्याखाली, भारत पाटणकर, संपतराव पवार आदींच्या पुढाकाराने, लोकांनी या उपशाला विरोध केला. विरोध करून ते थांबले असते तर ही हकीकत इतर अनेक हकीकतींसारखी झाली असती. त्यांनी पुढे एक मागणी केली, आणि ती ऐकून सरकारी कचेरीतले लोक गोंधळले असतील. वाळू गावाची आहे. ठेकेदाराला देऊ नका. तिच्यातली थोडी आम्हीच विकू आणि त्या पैशातून येरळेवर छोटे धरण बांधू. धरणाचे नाव ठरले बळीराजा स्मृती धरण. दिवाळीच्या पाडव्याला ज्याचे राज्य येवो म्हणून आयाबहिणी ओवाळतात, तोच हा बळीराजा.

येथे चाणाक्ष वाचक अडेल. वाळू म्हणजे पाण्याचे कोठार, असे म्हणायचे आणि तीच विकायची, हे कसे? शंका रास्त आहे. उत्तर प्रमाणात आहे. दर पुरात जेवढी वाळू येते तिच्याहून कमी उचलली तर ते व्याज खाणे होय, जास्त उचलली तर मुद्दल. ठेकेदाराची मुदत संपली की त्याचा नदीशी संबंध संपतो, म्हणून त्याला मुद्दल आणि व्याज यांत फरक करण्याचे कारण नसते. ज्याची विहीर काठावर आहे त्याला ते असते. शिवाय एकदाच काढलेल्या मर्यादित वाळूच्या मोबदल्यात दरवर्षी भरणारा साठा मिळणार होता. माझ्या मते हा सौदा हिशेबाला पक्का होता.

परवानगी सहजासहजी मिळाली नाही. मोर्चे झाले, अर्ज झाले. श्रमदानाला शहरांतून विद्यार्थी आले. लोकविज्ञान चळवळीतील कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अनुभवी अभियंते मदतीला उभे राहिले. अखेर काही वाळू विकण्यास सरकारने मान्यता दिली आणि नव्वदच्या सुमारास धरण उभे राहिले.

पाणी कोणाचे, ऊस कोणाचा?

धरण बांधण्याहून अवघड काम पाणी वाटण्याचे असते. रूढ पद्धतीत ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. बलवडी-तांदुळवाडीने ठरवले की पाण्याचा हक्क एकराला नसून कुटुंबाला असेल, आणि तो सर्वांना समान असेल. भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा वाटा. जमीन नसेल तर दुसऱ्याची वाट्याने घेऊन त्याने आपले पाणी वापरावे. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

ही शेवटची अट अनेकांना जाचक वाटते. आपण वरचा हिशेब पुढे नेऊ या. ७५ हजार घनमीटर पाणी आहे. उसाला हेक्टरी वीस ते पंचवीस हजार घनमीटर लागते, म्हणजे तीन-साडेतीन हेक्टर ऊस झाला की कोठार रिकामे. रब्बी ज्वारीला मोक्याच्या वेळी ७५ मिलिमीटरांच्या दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी दीड हजार घनमीटर पुरतात. त्याच पाण्यात पन्नास हेक्टर ज्वारी हाताशी लागते. उसाचे पैसे जास्त येतील हे खरे. पण ते तीन-चार घरांत येतील. पाणी सर्वांचे मानले की पीक कोणते घ्यावे हाही सर्वांचा प्रश्न होतो, तो असा.

त्यानंतर खानापूर-कडेगाव भागात ताकारी आणि टेंभू या मोठ्या योजनांतून कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून आणले गेले. त्याने शेतीचे चित्र पुष्कळ बदलले. मात्र पंपाचे पाणी विजेच्या बिलाबरोबर येते, वाळूतले गुरुत्वाकर्षणाने येते, हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा.

वाळूची भूक तर आज सगळ्या जगाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातून वाळू काढण्यासही पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली. २०१६ आणि २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत, नदीत किती वाळू नव्याने येते ते अभ्यासून मगच उपसा ठरवावा, असे म्हटले आहे. येरळाकाठच्या लोकांचा व्याज-मुद्दलाचा मुद्दा असा तीस वर्षांनी नियमांच्या पुस्तकात आला. नियम पाळला जातो की नाही, हे मात्र पात्रात जाऊन मोजल्याशिवाय कळत नाही.

ते मोजणे शाळेतील मुलांनाही जमण्यासारखे आहे. शिक्षकांना बरोबर घेऊन नदीपासून साधारण पन्नास, दोनशे आणि पाचशे मीटरांवरच्या, कठडा असलेल्या तीन विहिरी निवडा. वजन बांधलेली दोरी सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर पंधरा दिवसांनी नोंदवा. तिन्ही कठडे एका पातळीत नसणार, म्हणून त्यांच्या उंचीतील फरक गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने टप्प्याटप्प्याने काढून घ्या. हे काम एकदाच करावे लागते. नदीतल्या झिऱ्याची पातळीही याच पद्धतीने मोजा. मग चारही पातळ्या आलेखाच्या कागदावर मांडा. पाणी विहिरींकडून नदीकडे चालले आहे की नदीकडून विहिरींकडे, हे रेषेच्या उतारावरून दिसेल. डिसेंबरची रेषा आणि एप्रिलची रेषा एकाच कागदावर काढा, आणि जवळपास वाळूचा उपसा चालू असेल तर त्या तारखेवर खूण करून ठेवा.