चढ नसलेल्या वाटा

स्पेनमधल्या फ्रोमिस्ता गावाच्या वेशीवर कालव्याचं पाणी चार पायऱ्या उतरतं. प्रत्येक पायरी म्हणजे घडीव दगडात बांधलेला एक लंबगोल हौद. एकाखाली एक असे चार हौद, आणि चारही मिळून उतार सुमारे १४ मीटरांचा. पूर्वी इथून धान्याच्या होड्या खाली-वर जात. होडी हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि पाणी हळूहळू सोडायचं. पातळी खालच्या हौदाशी जुळली की पुढचा दरवाजा उघडायचा. आज इथून होडी जात नाही, पाणी मोकळं कोसळतं. काठावर उभं राहिलं की तुषार अंगावर येतात आणि शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं.

सांतियागोच्या तीर्थाला पायी निघालेले यात्रेकरू या हौदांच्या डोक्यावरूनच पलीकडे जातात. त्याआधी बोआदिया देल कामिनो या खेड्यापासून सहाएक किलोमीटरचा टप्पा, आणि त्यातला बराचसा भाग कालव्याच्या काठाने. पाठीवर आठ-दहा किलोंचं ओझं असलेली साठी-सत्तरीची माणसंही या पट्ट्यात गप्पा मारत चालतात. कारण साधं आहे. दोन हौदांच्या मधलं पाणी एका पातळीत असतं, आणि वाट पाण्याच्या बाजूने जाते. पाणी चढत नाही, तर वाट कशाला चढेल?

मला या वाटांचं अप्रूप आहे ते यासाठीच. स्पेन हा युरोपातल्या सर्वांत डोंगराळ देशांपैकी एक. समुद्रसपाटीपासून त्याची सरासरी उंची ६५० मीटरच्या आसपास भरते. अशा देशात दिवसभर चाललं तरी धाप लागणार नाही अशा वाटा आपोआप तयार होत नाहीत. कुणीतरी कधीतरी उतार मोजलेला असतो. तो पाण्यासाठी मोजला, इंजिनासाठी मोजला. चालणाऱ्याच्या गुडघ्यांचा विचार त्यात कुणी केला नव्हता. कामासाठी आखलेली वाट काम संपल्यावर चालणाऱ्यांच्या वाट्याला आली.

कनाल दे कास्तिया, म्हणजे कास्तियाचा कालवा, हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. कास्तियाच्या पठारावर गहू अमाप, पण तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा हा प्रश्न होता. रस्ते खराब, बैलगाड्या मंद. राजा सहावा फर्नांदो याच्या काळात त्याचा मंत्री मार्केस दे ला एन्सेनादा याने कालव्याचं मनावर घेतलं. आंतोनिओ दे उयोआ या नौदलातल्या शास्त्रज्ञाने आराखडा मांडला आणि १७५३ साली खोदकाम सुरू झालं. संपलं १८४९ साली. मध्ये पैसा आटला, युद्धं झाली, कामं वर्षानुवर्षं बंद पडली. शेवटच्या टप्प्यात तर कैद्यांना खोदायला लावलं. आज सायकलवरून ज्या काठावरून आपण निवांत जातो, तिथली माती त्या माणसांनी उपसलेली आहे, हे मला चालताना विसरता येत नाही.

मूळ बेत कालवा दक्षिणेला सेगोव्हियापर्यंत आणि उत्तरेला कान्ताब्रियाचे डोंगर ओलांडून समुद्राकडे नेण्याचा होता. डोंगर काही ओलांडता आले नाहीत. जे झालं ते २०७ किलोमीटरचं, ४९ हौदबंद उतारांचं, तीन फाट्यांचं काम. उत्तर फाटा आलार देल रेय इथे सुरू होतो. एक फाटा मेदिना दे रिओसेकोला जातो, एक वायादोलिदला. आलारपर्यंत पीठ आणि गहू होडीने यायचा, तिथून गाड्यांवर लादून सांतांदेर बंदरात, आणि तिथून जहाजाने थेट क्यूबापर्यंत. या होड्या खेचरं ओढायची. होडीला दोर, दोराला खेचर, आणि खेचर काठावरच्या वाटेने. त्या दोराला स्पॅनिशमध्ये सिर्गा म्हणतात, म्हणून वाटेचं नाव ‘कामिनो दे सिर्गा’. तीच आजची चालण्याची वाट. तिची भरभराट १८५०-६०च्या दशकातली. शेकडो होड्या तेव्हा कालव्यात होत्या. पण कालवा पुरा होऊन पुरती वीस वर्षंही झाली नव्हती तोच रेल्वे आली आणि माल तिकडे वळला. तरीही नौकानयन अधिकृतपणे बंद झालं ते १९५९ साली. पाणी मात्र वाहतंच राहिलं, कारण आता त्यावर शेती आहे आणि गावांचं पिण्याचं पाणी आहे.

या वाटेवर चालताना एका हाताला पाणी आणि बोरू-लव्हाळ्यांची दाट किनार, दुसऱ्या हाताला क्षितिजापर्यंत गहू आणि सातू. या भागाचं नावच ‘तिएर्रा दे काम्पोस’, शेतांची भूमी. काठाला पॉपलरची झाडं ओळीने उभी. त्या उघड्या मुलखात सावली म्हणाल तर तेवढीच. बोरूतून छोटे पक्षी अखंड किलबिलत असतात, पण दिसत नाहीत. गावागावात देवळाच्या मनोऱ्यावर पांढऱ्या करकोच्यांची काटक्यांची घरटी. आणि शेतात मध्येच एखादी मातीची गोल किंवा चौकोनी, खिडक्या नसलेली इमारत दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते गढीचे अवशेष वाटतात. तो असतो कबूतरखाना, स्पॅनिशमध्ये पालोमार. आत भिंतीभर शेकडो कोनाडे, प्रत्येकात एक घरटं. पिल्लं खायला आणि विष्ठा शेताला खत म्हणून. भिंती चिखलात काड घालून केलेल्या कच्च्या विटांच्या; वर्षावर्षाला लिंपल्या नाहीत तर पावसात विरघळतात. त्यामुळे आज बरेच कोसळलेले आहेत. एखाद्याची अर्धी भिंत पडलेली असेल तर आतले कोनाडे मधाच्या पोळ्यासारखे उघडे पडलेले दिसतात. ते बघायला वाटेवरून जरूर खाली उतरावं.

दुसरा प्रकार रेल्वेमार्गांचा. तोट्यात गेलेल्या किंवा कधी पुऱ्याच न झालेल्या मार्गांचे रूळ काढून १९९३ पासून तिथे चालण्या-सायकलच्या वाटा करायला सुरुवात झाली. त्यांना ‘व्हिया व्हेर्दे’, हिरवा मार्ग म्हणतात. आज त्या तीन हजार किलोमीटरहून अधिक भरतात. वाफेच्या इंजिनाला शंभर मीटरमागे दोन-तीन मीटरांपलीकडचा चढ जड जायचा. म्हणून अभियंत्यांनी डोंगर आला की बोगदा खणला, दरी आली की पूल टाकला. त्यांनी वाचवलेला चढ आज आपल्याला चढावा लागत नाही.

यातली आंदालुसियातली पुएर्तो सेर्रानो ते ओल्व्हेरा ही ३६ किलोमीटरची वाट मला सर्वांत जवळची वाटते. ३० बोगदे, ४ मोठे पूल, काही अंतर ग्वादालेते नदीची सोबत आणि भोवती ऑलिव्ह व गव्हाच्या टेकड्या. या मार्गावर एकही गाडी कधी धावली नाही. १९२०च्या दशकात बांधकाम सुरू झालं, पैसा संपला, आणि तयार बोगदे, स्टेशनं तशीच पडून राहिली. आता त्यांपैकी काही स्टेशनांत राहण्या-जेवणाची सोय आहे. वाटेत साफ्रामागोनचा उंच कडा लागतो. त्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. सकाळी ऊन तापू लागलं की ती एकेक करून कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता वर चढत जातात. बोगद्यांसाठी विजेरी जवळ हवी. आणि ऑलिव्हचाच मुलूख बघायचा असेल तर खाएन आणि कोर्दोबा प्रांतांतली १२८ किलोमीटरची तेलाची वाट, ‘व्हिया व्हेर्दे देल आसेइते’. एकट्या खाएन प्रांतात सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडं आहेत, आणि जुनी मालगाडी त्यांचंच तेल वाहायची.

चालायला निघणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दगडांवर, खांबांवर रंगाचे दोन पट्टे असतात. पांढरा-लाल म्हणजे ५० किलोमीटरहून लांबचा मार्ग, पांढरा-पिवळा म्हणजे १० ते ५०, पांढरा-हिरवा म्हणजे १० किलोमीटरच्या आतला. पट्टे समांतर असले तर वाट बरोबर. फुली दिसली तर मागे फिरा. ऋतू एप्रिल ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये कास्तियाच्या पठारावर दुपारी चालू नये, हे मी आग्रहाने सांगेन. सावली नाही, आणि दुपारी दोननंतर खेड्यातली दुकानं बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात. गावच्या कारंज्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नये. शेताच्या कडेला काळ्या-पांढऱ्या तिरप्या विभागणीची पत्र्याची पाटी दिसली तर ते शिकारीचं राखीव रान. थंडीत सुटीच्या दिवशी अशा ठिकाणी वाट सोडून आत शिरू नये.

आता तिसऱ्या वाटा, सर्वांत जुन्या. मेंढरांच्या. हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार कुरणांत, उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत, अशी मेरिनो मेंढ्यांची ये-जा शतकानुशतकं चालली. १२७३ साली दहाव्या आल्फोन्सोने मेंढपाळांच्या संघाला, मेस्ताला, हक्क दिले आणि त्यांचे रस्ते राजाच्या संरक्षणाखाली आले. मोठ्या रस्त्याला म्हणतात कान्यादा. आपल्याकडच्या पाणंदीसारखीच शेतांमधून जाणारी, पण रुंदी ९० ‘वारा’ (लांबीचं जुनं स्पॅनिश माप), म्हणजे ७५ मीटर २२ सेंटिमीटर. मेंढी चालता चालता चरते, म्हणून रस्ता इतका ऐसपैस. मेस्ता १८३६ साली बरखास्त झाली. पुढे रेल्वेने, मग ट्रकने मेंढ्या जाऊ लागल्या. कान्यादांवर नांगर फिरले, घरं उठली, डांबरी रस्ते पडले. १९९५च्या कायद्याने या वाटांना सार्वजनिक मालमत्ता ठरवलं: विकता येत नाहीत, जप्त होत नाहीत, कितीही वर्षं कुणी बळकावून बसला तरी त्याच्या होत नाहीत. आणि त्यांवरून पायी जाण्याचा हक्क सर्वांना आहे. कागदावर त्यांची लांबी सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास भरते. जमिनीवर शोधू गेलं तर पुष्कळ ठिकाणी वाट एका बांधाएवढी उरलेली दिसते, आणि कडेचा गहू तिच्यात शिरलेला असतो.

हा हक्क जागता राहावा म्हणून १९९४ पासून शरद ऋतूत मेंढपाळ आपला कळप माद्रिदच्या भर चौकातून नेतात. शहरातूनच जुनी कान्यादा जाते. वाटेत महापालिकेच्या प्रतिनिधीला हजार मेंढ्यांमागे ५० मारावेदी देतात, १४१८ सालच्या कराराने ठरलेला दर. ते नाणं चलनातून जाऊन दीडशे वर्षं उलटली. प्रतिनिधी ते मोजून घेतो, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहतात, आणि कळप बंद केलेल्या रस्त्यावरून पुढे सरकतो.