औषधांच्या मार्गदर्शक सूचनांनाही गुण देतात!



एप्रिल २०२१ आठवतोय ना? माझे मामा ऑक्सिजनवर होते आणि आम्ही भावंडं रेमडेसिवीरसाठी दिवसभर फोन फिरवत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र नोव्हेंबर २०२० मध्येच, दाखल रुग्णांना ते देऊ नये अशी सशर्त शिफारस केली होती. (नवे पुरावे आल्यावर २०२२ मध्ये ती बदलली.) आपल्या देशाच्या सूचनांत काही रुग्णांसाठी त्याला जागा होती. तज्ज्ञच दोन गोष्टी सांगत असतील तर कोणाच्या सूचना जास्त भरवशाच्या, हे कसं ओळखायचं?

यासाठी 'अ‍ॅग्री-२' नावाचं एक साधन आहे, २०१० सालचं. आपल्या मूल्यमापन तक्त्यासारखंच समजा. ६ विभाग, २३ मुद्दे, प्रत्येकाला १ ते ७ गुण. किमान दोन परीक्षक, शक्यतो चार, आपापले स्वतंत्र गुण देतात. सूचना कोणासाठी आहेत, त्या करताना रुग्णांचं मत घेतलं का, भाषा स्पष्ट आहे का, वापरता येतील का, हे सगळं त्यात येतं. सर्वांत मोठा विभाग पुराव्यांचा. त्यात ८ मुद्दे आहेत: अभ्यास पद्धतशीर शोधले का, फायद्याबरोबर धोकाही तोलला का वगैरे.

मला महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा विभाग, स्वातंत्र्याचा. मुद्दे दोनच: पैसा देणाऱ्याचा मजकुरावर प्रभाव पडला का, आणि सदस्यांचे हितसंबंध नोंदवले आहेत का. गणित बघा. दोन परीक्षक, दोन मुद्दे, म्हणजे जास्तीत जास्त २८ गुण आणि कमीत कमी ४. समजा मिळाले १०. दहातून ४ वजा, उरले ६. त्याला २४ ने भागा. २५ टक्के! (पाचवीच्या मुलांनाही जमेल.)

हा विभाग का हवा, त्याचं उदाहरण अमेरिकेतलं. झायग्रिस हे सेप्सिसवरचं, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेवरचं, महागडं औषध. एका मुख्य चाचणीच्या जोरावर २००१ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. २००४ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस सूचनांत, मृत्यूचा धोका जास्त असलेल्या रुग्णांसाठी त्याची शिफारस झाली. त्या मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांत औषधाची उत्पादक एलाय लिली कंपनीही होती. २००६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात यावर उघड टीका झाली. पुढे नव्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने औषध बाजारातून मागे घेतलं. रक्तस्रावाचा धोका तर पहिल्यापासून माहीत होता.

एक मात्र ध्यानात घ्या. हे गुण सूचना कशा तयार केल्या त्याचे असतात, औषध चालतं की नाही त्याचे नाहीत. मांडणी उत्तम आणि उत्तर चुकलेलं, अशी वही आपण सगळ्यांनीच तपासली आहे.

मामांना इंजेक्शन मिळालं, ते बरेही झाले. त्याच्यामुळे की त्याच्याशिवायही झाले असते, हे एका रुग्णावरून कसं सांगणार?