माचीवरची रात्र

न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग हलत नाही. डिझेलचा वास, हॉर्न, धुळीत उतरून उभे राहिलेले चालक. डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन कंटेनरच्या पत्र्यावरून अंगावर येतंय. सॅक पाठीला लावलेली शनिवारची मंडळी पनवेलची गाडी धरतात. पनवेल स्थानकात पुन्हा ताटकळणं, ठाकूरवाडीच्या एसटीसाठी.

ठाकूरवाडीत उतरलं की समोर प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका. मधली खिंड विळ्यानं कापल्यासारखी. वहीत नावं लिहून होतात आणि वाट लगेच चढाला लागते. कातळ अजून तापलेला. घाम डोळ्यांत उतरतो. वाटेत खडकात कोरलेले गणपती आणि मारुती आहेत. तिथं सगळेच थांबतात, नमस्काराला आणि दमाला. एक ठाकर बाई डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन शेजारून निघून जाते. माचीवरच्या भाकरीचं पीठ, चहातली साखर, सगळं असंच वर येतं.

दोनेक तासांनी प्रबळमाची. आल्प्समध्ये डोंगरभटक्यांसाठी मुद्दाम बांधलेले निवारे असतात. इथला निवारा म्हणजे कुणाचं तरी राहतं घर.

"बस दादा. घाम जिरू दे, मग पाणी पी."

अंगण शेणानं सारवलेलं. चुलीचा धूर कौलांतून वर चाललाय. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. ताटं भरेपर्यंत वाट पाहायची, कारण तवा एकच. मग ओसरीवर सतरंज्या. खाली पनवेलचे दिवे, त्यापलीकडे खाडीच्या बाजूला पिवळट उजेड. बंदर 1989 साली सुरू झालं. तेव्हापासून तिकडचं आकाश रात्रीही काळं होत नाही, असं घरातले आजोबा सांगतात.

पहाटे पाचला विजेऱ्या लागतात. गार वारा. खिंडीतून सुळक्याच्या पायऱ्या सुरू होतात. कातळात कोरलेल्या, काही गुडघ्याएवढ्या उंच, बाजूला कठडा नाही. इथंही रांग. पुढचा सरकेपर्यंत हात दगडावर, नजर दगडावर. सुमारे 2,250 फुटांवर माथा. शेवटच्या टप्प्याला दोर. ठाकर मंडळी शिमग्याला इथं वर येऊन नाचतात.

माथेरानमागून सूर्य येतो. चंदेरी, मलंग, कर्नाळ्याचा अंगठा एकेक करून उजळतात. दोर धरून बसलेला माचीवरचा पोरगा दक्षिणेला बोट करतो. इर्शाळ. त्याच्या पोटाशी वाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. "पावसात आता आमच्यातलं कुणीतरी जागंच असतं," तो म्हणतो.

खालून हाका येतात. उतरणारे आणि चढणारे एकाच पायरीवर अडलेत. पोरगा दोर मुठीत आवळून खाली वाकतो. "काका, डावा पाय खोबणीत टाका. मी धरलंय."