गॅरेजवरील भांडार आणि जड सामानाची चढउतार

आपल्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिका-गॅरेजवर जे भांडार आहे, ते बहुतांशी आपल्याच देणगीतून उभे राहिले आहे. कॉट, गाद्या, चाकाच्या खुर्च्या, वॉकर हे साहित्य गरजू रुग्णांना घरी वापरण्यासाठी येथूनच दिले जाते. जुने केसपेपरही येथेच असतात. आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक नियमांनी घातलेले आहे.

हे सारे सामान आजवर अरुंद जिन्याने, माणसांच्या खांद्यावरून वर जात असे. अहवाल वर्षात एक लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर निसटले व आमच्या एका सेवकाच्या पायास दुखापत झाली. कपाट सावरणाऱ्यांत एका रुग्णाचे नातेवाईकही होते आणि त्यांना हात लावावयास आम्हीच सांगितले होते. ही चूक आमची होती. तिची नोंद येथे करणे आम्ही कर्तव्य समजतो.

माणसाने किती उचलावे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेचे सूत्र मात्र २३ किलोपासून सुरू होते, आणि तेही ओझे अंगाजवळ असेल, कंबर वळवावी लागणार नसेल तरच. कोऱ्या कागदाच्या १० रिमांचा खोकाच सुमारे २३ किलो भरतो. जिन्यावर तर पाय वर, ओझे पुढे आणि कंबर तिरकी अशी अवस्था असते.

उताराचा रस्ता बांधावा, अशी एक सूचना आली होती. परंतु चाकाच्या खुर्चीसाठी योग्य मानला जाणारा १:१२ चा उतार धरल्यास १० फूट चढण्यास १२० फूट लांबी लागते. तेवढी जागा आपल्या आवारात नाही.

दुसरा मार्ग कप्पीचा. पारनेरच्या जुन्या मंडळींनी विहिरीवरची मोट पाहिलेली आहे. मोटेचे चाक ओझे हलके करीत नसे, ते केवळ ओढीची दिशा बदलत असे. बैल धावेवरून उताराने खाली येत, म्हणून त्यांच्या अंगाचे वजनही ओढीस मिळे. ओझ्याबरोबर वर सरकणारी दुसरी कप्पी जोडली, तर १०० किलोसाठी सुमारे ५० किलोची ओढ पुरते; मात्र १० फूट चढविण्यास २० फूट दोर ओढावा लागतो. जमाखर्चाचा नियम येथेही चुकत नाही: बळात जे वाचते, ते लांबीत भरावे लागते.

चेन पुली ब्लॉकमध्ये हाच व्यवहार दातेरी चाकांनी पुढे नेलेला असतो. साखळी पुष्कळ ओढावी लागते, पण एकटा सेवक कपाट सावकाश वर नेऊ शकतो. त्यातील ब्रेकमुळे हात सुटला तरी ओझे जागीच थांबते. साध्या दोरात हा आधार नसतो. म्हणून चेन ब्लॉक बसविण्याचे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे.

तथापि ब्लॉक जितका मजबूत, तितकीच ज्या तुळईला तो टांगावयाचा तीही मजबूत हवी. पंख्याचा हूक किंवा पत्र्याची कैची यासाठी चालणार नाही. वरच्या जमिनीचाही विचार हवा. आय.एस. ८७५ या भारतीय मानकात निवासी खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो, तर कागदपत्रांच्या कोठारासाठी सुमारे ५०० किलो भार धरला आहे. स्थापत्य अभियंत्याच्या लेखी अभिप्रायाशिवाय काम सुरू होणार नाही.

पुढील नियम आतापासूनच लागू केले आहेत. ओझे अधांतरी असताना खाली कोणी उभे राहणार नाही. ओझ्याबरोबर माणूस वर जाणार नाही. सामान घेण्याच्या उघड्या बाजूस कठडा राहील. ऑक्सिजन सिलिंडर वर चढविले जाणार नाहीत. वाहने व इंधन यांपासून दूर, तळमजल्यावरच ते ठेवले जातील. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उचल-यंत्रे व साखळ्यांची निदान १२ महिन्यांतून एकदा तपासणी सांगितली होती. आपण कारखाना नसलो, तरी तोच दंडक पाळणार आहोत.

रुग्णांच्या नातेवाइकांना यापुढे सामान उचलण्यास सांगितले जाणार नाही. कोणी सांगितल्यास कृपया कार्यालयास कळवावे. देणगीदारांना विनंती, की जड वस्तू पाठविण्यापूर्वी तिचे वजन व मापे कळवावीत. आपण प्रेमाने दिलेली वस्तू कोणाच्या पायावर न पडता गरजू रुग्णाच्या घरी पोहोचावी, एवढीच आमची इच्छा आहे.