तबकडी गेली, कार्ड आलं : जुन्या लॅपटॉपच्या दुरुस्तीचा मागोवा

जुना लॅपटॉप कोणत्या क्रमाने निकामी होतो, हे आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे. आधी बॅटरी जाते, पण तिच्यावाचून फारसं अडत नाही. यंत्र थेट विजेवर चालतं. मग मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाझरू लागतात, तेही काढून नवे सोल्डर करता येतात. हार्ड डिस्क मात्र तशी दुरुस्त होत नाही. 1988 मध्ये प्रेरीटेक या अमेरिकी कंपनीने 20 मेगाबाइटची पहिली अडीच इंची डिस्क आणली, आणि पुढची सुमारे दोन दशकं लॅपटॉपची बहुतेक स्मृती याच मापाच्या फिरत्या तबकड्यांवर राहिली. या डिस्कांमध्ये चुंबकीय थर सहसा टिकून राहतो. दगा देते ती यंत्रणा. बेअरिंगमधलं वंगण सुकतं, हेड तबकडीला चिकटून बसतं. कॉनर कंपनीच्या त्या काळातल्या कित्येक डिस्कांत तर आतले रबरी भाग वितळून डिंकासारखे झाले, आणि हेडचा दांडा त्यांतच अडकला. अशी डिस्क उघडून साफ करणारे हौशी लोक आहेत, पण तो प्रयत्न माहिती एकदाची बाहेर काढण्यापुरताच. ती डिस्क पुन्हा रोजच्या कामाला लावण्यात अर्थ नसतो. त्याच मापाची नवी डिस्क घ्यावी तर समांतर केबलीच्या (आयडीई जोडणीच्या) अडीच इंची डिस्का कारखान्यांनी बनवणं केव्हाच थांबवलं. बाजारात मिळतात त्या जुन्याच, म्हणजे त्याच आजाराच्या वाटेवर असलेल्या.

कॅमेऱ्यासाठी बनलेलं मेमरी कार्ड या रिकाम्या जागी बसवण्याची पद्धत गेल्या वीसेक वर्षांत रुळली. तिचं समर्थन करताना तीन गुण ठरावीक क्रमाने सांगितले जातात : कार्ड टिकाऊ, कार्ड मुकं, कार्ड चपळ. तिन्ही थोडेबहुत खरे आहेत. पण मागे वळून पाहिलं तर यातला पहिला, म्हणजे सर्वांत जास्त मिरवला जाणारा गुण सर्वांत कच्चा ठरतो, आणि जे खरोखर साधलं त्याचा या यादीत उल्लेखच नसतो. कार्डामुळे जुन्या यंत्राची स्मृती अमर झाली नाही. ती यंत्रातून सहज बाहेर काढता येण्यासारखी झाली आणि तिची नक्कल करणं कुणालाही जमू लागलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं मोल तिथे आहे.

आधी हे जमलं कसं, ते पाहू. फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची. तिचा एक प्रकार त्यांनी 1984 मध्ये जाहीर केला आणि आज सर्वत्र वापरला जाणारा नँड प्रकार 1987 मध्ये. कॅलिफोर्नियात 1988 मध्ये सनडिस्क (पुढची सॅनडिस्क) उभी राहिली. तिच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. या कंपनीने 1991 मध्ये आयबीएमसाठी 20 मेगाबाइटची फ्लॅश डिस्क बनवली. किंमत सुमारे 1000 डॉलर. दोन वर्षांनी ह्यूलेट पॅकर्डचा ओम्निबुक 300 हा लॅपटॉप आला, तो 40 मेगाबाइटच्या फिरत्या डिस्कसह किंवा 10 मेगाबाइटच्या फ्लॅश कार्डासह मिळत असे. म्हणजे लॅपटॉपमधून तबकडी काढून चिप घालण्याची कल्पना नंतरच्या हौशी लोकांची नाही, ती त्या यंत्रांच्या ऐन काळातलीच आहे. फक्त तेव्हा ती कुणाला परवडत नव्हती. 1994 मध्ये सॅनडिस्कच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाने पुढची वाट मोकळी केली, आणि तीही जणू चुकून. या कार्डात 50 पिना असतात. चालू होताना त्यांतली 9 क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडलेली असेल, तर कार्ड स्वतःला आयडीई हार्ड डिस्क समजून तिच्याच आज्ञा पाळू लागतं. त्यामुळे लॅपटॉपच्या 44 पिनांच्या जोडणीत हे कार्ड बसवायला मध्ये कुठलीही चिप लागत नाही. पिना इकडच्या तिकडे नेणारी एक साधी पट्टी पुरते. या पट्ट्या इतक्या स्वस्त मिळण्याचं कारण हेच. पाच वर्षांनी आयबीएमने नेमका उलटा प्रवास केला : 1999 मध्ये आलेल्या मायक्रोड्राइव्हमध्ये एक इंची फिरती तबकडी कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खाचेत बसवली होती, क्षमता 170 आणि 340 मेगाबाइट. कॅमेऱ्याच्या कार्डात हार्ड डिस्क आणि हार्ड डिस्कच्या जागी कॅमेऱ्याचं कार्ड, असे दोन्ही खेळ एकाच काळात शक्य होते, कारण दोघांची भाषा एकच होती.

कार्डं स्वस्त झाली ती जुन्या लॅपटॉपांसाठी अर्थातच नाही. निकॉनच्या डी1 पासून (1999) कॅननच्या ईओएस 5डी पर्यंत (2005) व्यावसायिक छायाचित्रकारांचे कॅमेरे कॉम्पॅक्टफ्लॅश वापरत होते. किमती पाडल्या त्यांच्या मागणीने. एसडी कार्ड 1999 मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता यांनी मिळून आणलं. ते आणखी स्वस्त पडलं, पण त्याला आयडीईची भाषा येत नाही, म्हणून मध्ये दुभाष्याचं काम करणारी चिप लागते. ॲपलच्या पहिल्या पॉवरबुकांची (1991) गोष्ट निराळी. त्यांत स्कझी जोडणीच्या अडीच इंची डिस्का होत्या, साध्या पट्टीने भागण्यासारखं नव्हतं. तिथे एससीएसआय2एसडी आणि नंतर ब्लूस्कझीसारखे छोटे बोर्ड आले, ज्यांच्यावरचा मायक्रोकंट्रोलर एसडी कार्डाला हार्ड डिस्क म्हणून यंत्रापुढे उभं करतो. तोशिबाच्या टी1200 सारख्या काही यंत्रांची जोडणी तर त्यांची स्वतःचीच, इतर कशाशी न जुळणारी. आयडीईचा मार्ग त्यांच्यापुरता बंदच राहिला.

पट्टी साधी असली तरी काम साधं नसतं, आणि गेल्या वीस वर्षांत या विषयात जे ज्ञान साठलं ते बहुतेक याच अडचणींचं आहे. जुन्या बायोसला डिस्क मोजण्याची एक मर्यादा होती : 1024 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर, म्हणजे 504 मेगाबाइट. त्यापुढचं बायोसला दिसत नाही, काही वेळा तर मोठं कार्ड पाहून यंत्र सुरू होतानाच थबकतं. ही भिंत ओलांडली की डॉसच्या एका पार्टिशनला 2 गिगाबाइटची सीमा, त्यानंतरच्या बायोसांना 8.4 गिगाबाइटची. मग कार्डाच्या स्वभावाचा प्रश्न. कॅमेऱ्यासाठी बनलेलं कार्ड स्वतःची ओळख ‘काढघाल करता येणारं माध्यम’ अशी देतं, आणि विंडोज एक्सपी अशा माध्यमावर एकापेक्षा जास्त पार्टिशन मानत नाही. औद्योगिक वापराची कार्डं स्वतःला स्थिर डिस्क म्हणवतात, म्हणून ती शोधावी लागतात. स्वस्त पट्ट्यांवर डीएमएच्या दोन तारा जोडलेल्याच नसतात. मग माहितीचा प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो आणि वेगाची बढाई तिथेच संपते. सर्वांत फसवा भाग झोपेचा. त्या काळातले कित्येक लॅपटॉप हायबरनेट होताना आपली मेमरी डिस्कवरच्या राखीव पार्टिशनमध्ये लिहून ठेवत. तोशिबाचा चिमुकला लिब्रेटो (1996) तर ती थेट डिस्कच्या शेवटच्या भागात, कुठल्याही पार्टिशनबाहेर लिहीत असे. नवं कार्ड टोकापर्यंत भरून टाकणाऱ्याच्या फाइली पहिल्याच झोपेत पुसल्या जाण्याचा धोका यातच. ‘बसवा आणि विसरा’ असं या कामाबद्दल सांगणाऱ्याने यातलं काहीच पाहिलेलं नसावं.

एवढं करून हाती काय येतं? वेग वाढतो, हे खरं. त्या काळच्या डिस्कच्या हेडला योग्य जागी पोचायला दहा-वीस मिलिसेकंद लागत, कार्डाला ती हालचालच नाही. पण यंत्राची जोडणीच मंद असल्याने नवलाई लवकर ओसरते. खरा फरक स्क्रू उघडल्यावर कळतो. 1993 च्या लॅपटॉपमधली माहिती बाहेर काढायचे मार्ग म्हणजे 1.44 मेगाबाइटची फ्लॉपी, नाहीतर लॅपलिंकसारखा प्रोग्रॅम आणि पॅरलल केबल. पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढणं हे तंत्रज्ञाचं काम होतं. कार्ड मात्र काढून आजच्या कुठल्याही संगणकाच्या रीडरमध्ये घालता येतं, आणि बूट सेक्टरपासून शेवटच्या बाइटपर्यंत सगळं एका फाइलमध्ये उतरतं. ती फाइल दुसऱ्या कार्डावर ओतली की तेच यंत्र, त्याच सेटिंगसह, पुन्हा उभं. ड्रायव्हर बसवताना विंडोज 95 कोसळलं तर आधीची नक्कल परत टाकायची. एका कार्डावर डॉस, दुसऱ्यावर लिनक्सची जुनी आवृत्ती, असं ठेवायचं. डिस्कच्या काळात स्मृती आणि यंत्र यांचं मरण एकत्र होतं. ती गाठ सुटली.

महाराष्ट्रात या गाठीला एक ठोस अर्थ आहे. युनिकोड रुळण्याआधीचा मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम अशा पॅकेजांत टंकला गेला. त्यांतला बराचसा फॉन्टला बांधलेला आहे; फॉन्ट आणि पॅकेज नसेल तर फाइल उघडूनही चिन्हांचा घोळ दिसतो. रूपांतराची साधनं आहेत, पण जोडाक्षरांत आणि रफारांत गडबड होते, आणि मांडणी, तक्ते, शीर्षकांची रचना हरवतेच. बहुतेक छापखान्यांचं काम डेस्कटॉपवर होई हे खरं, पण त्यांचीही जोडणी तीच आयडीई. फरक 44 ऐवजी 40 पिनांचा. अशा यंत्राची डिस्क अजून फिरत असेल तर आधी तिची पूर्ण नक्कल काढावी, ती कार्डावर घालून यंत्र चालवावं, आणि मूळ डिस्क न वापरता जपून ठेवावी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे डिस्क भंगारात आणि कार्डावर नवं कोरं विंडोज, तर हाती फक्त एक चालू खेळणं उरतं.

आता आक्षेप. पहिला टिकाऊपणाचा, आणि तो मी अर्ध्याहून अधिक मान्य करतो. फ्लॅशच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात : प्रत्येक पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या प्रकारात सुमारे 1 लाख वेळा, दोन बिटांच्या प्रकारात काही हजार वेळा, तीन बिटांच्या स्वस्त प्रकारात त्याहूनही कमी. विंडोज एक्सपीची पेजिंग फाइल अशा कार्डावर सतत लिहीत राहते, आणि कुठला भाग मोकळा झाला हे कार्डाला कळवण्याची सोय त्या काळच्या प्रणालीत नाही. शिवाय वीज नसताना पेशींतला विद्युतभार हळूहळू गळतो. झिजलेलं कार्ड वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. डिस्क मरण्याआधी निदान कुरकुरते. कार्ड एखाद्या दिवशी काही न सांगता दिसेनासं होतं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच ‘टिकाऊ’ म्हणून कार्डाची जाहिरात करू नये. पण ज्याची पूर्ण नक्कल काही मिनिटांत निघते ते माध्यम टिकाऊ असण्याची गरजही तेवढी राहत नाही. डॉस आणि विंडोज 3.1 डिस्कवर लिहितात फारच थोडं, तिथे झीज हा चिंतेचा विषयच नाही. एक्सपीसाठी एमसॅटा एसएसडी आणि तिला आयडीईत बसवणारा अडॅप्टर अधिक शहाणपणाचा. कार्डाला कोश समजू नये, इतकंच.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. यंत्र जसं होतं तसं राहावं, तबकडीची घरघर आणि हेडची टकटक हाही त्याचा भाग, असं म्हणणारे आहेत. आवाज नसल्याची रुखरुख इतकी की डिस्कच्या दिव्याशी जोडून टकटक करणारा एक छोटा बोर्डही मिळतो. मला तो गमतीशीर वाटतो, फसवा नाही. पण या आक्षेपामागचा मुद्दा गंभीर आहे : संग्रहालयात ठेवायच्या वस्तूचा मूळ भाग काढून टाकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. त्याचं उत्तर कामाच्या स्वरूपातच आहे. पट्टी लावायला काहीही कापावं किंवा वितळवावं लागत नाही. मूळ डिस्क पिशवीत घालून यंत्रासोबत ठेवली की तासाभरात सगळं पूर्ववत होतं. उलट, अस्सलपणापायी मूळ डिस्क फिरवत राहणारा तिचं उरलंसुरलं आयुष्य खर्ची घालतो.

तिसरा आक्षेप सर्वांत तगडा : नक्कल काढलीच आहे, तर ती आजच्या संगणकावर इम्युलेटरमध्ये चालवा, जुनं यंत्र कशाला हवं? वाचण्यापुरतं काम असेल तर हे बरोबरच आहे, आणि बहुतेकांना तेवढंच पुरेल. पण इम्युलेटरला पॅरलल पोर्टवर लावायचं हार्डवेअर लॉक सहसा दिसत नाही, आणि त्या काळच्या बऱ्याच पॅकेजांना ते लागे. जुन्या यंत्रसामग्रीच्या नियंत्रकांना खरा सीरियल पोर्ट हवा असतो, त्याच्या वेळेच्या गणितासह. शिवाय इम्युलेटर चालतो तो मुळात नक्कल आहे म्हणून. कार्डाने जे सोपं केलं त्यावरच तो उभा आहे, त्यामुळे हे दोन मार्ग एकमेकांचे विरोधक ठरत नाहीत.

गंमत अशी, की हा उपाय स्वतःच आता जुना होत चालला आहे. कॉम्पॅक्टफ्लॅशची शेवटची मोठी आवृत्ती, 6.0, 2010 मध्ये आली. कॅमेरे तिथून निघून गेले. सीफास्ट आणि सीएफएक्सप्रेस या नव्या प्रकारच्या कार्डांना आयडीई समजत नाही. बाजारात उरलेली नवी कार्डं मोठ्या क्षमतेची, तर 504 मेगाबाइटच्या बायोसला हवी ती लहान, एक बिट प्रति पेशीची, औद्योगिक. त्यातच क्षमता खोटी सांगणाऱ्या बनावट कार्डांचा सुळसुळाट, ज्यांवर ठरावीक हद्दीपलीकडे लिहिलेलं परत वाचता येत नाही. त्यामुळे विकत घेतलेलं प्रत्येक कार्ड आधी पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासावं लागतं. आता शोध सुरू आहे तो छायाचित्रकारांनी खणात टाकून दिलेल्या 256 आणि 512 मेगाबाइटच्या कार्डांचा, जी 2005 च्या सुमारास कॅमेऱ्यासाठी फारच लहान म्हणून बाजूला पडली होती.