हरवलेल्या मालिकेचा माग

बालदोस्तांनो, समजा, देवणीच्या बाजाराला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याचा बैल दावं तोडून निघून गेला. आता तो शोधायचा कसा?

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या या भागात कुणालाही विचारा. पहिला प्रश्न येईल, "वानेरा होता का बालंक्या का शेवेरा?" देवणी जातीच्या जनावरांचे हे तीन प्रकार. बालंक्या पांढराशुभ्र, शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि वानेऱ्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. मग दुसरा प्रश्न, "शेवटचा कुणी पाहिला? कोणत्या वारी?" मग उदगीरच्या बाजारात चौकशी, पुढे हद्दीपलीकडं भालकीच्या बाजारात चौकशी. कुणी सांगतं, "मागच्या बाजारी दिसला होता बुवा, गळ्यात पितळी घंटी होती." असा एकेक धागा धरत माग काढायचा. खरं ना?

अगदी याच पद्धतीनं जगातली काही माणसं कित्येक वर्षं एका टीव्ही मालिकेचा माग काढत आली आहेत. मालिका इंग्लंडची, आणि माग मात्र ट्युनिशिया, मोरोक्को, लेबनॉन अशा अरबी बोलणाऱ्या देशांपर्यंत गेलेला! आहे की नाही गंमत?

निळ्या पेटीतला म्हातारा

मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. म्हणजे 'डॉक्टर कोण?' एक विक्षिप्त म्हातारा निळ्या रंगाच्या एका पेटीत बसून भूतकाळात आणि भविष्यकाळात हिंडतो. पेटी बाहेरून दिसायला एवढीशी, आत मात्र भलीमोठी. बी.बी.सी.नं तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ या दिवशी दाखवला.

आता एक छान गोष्ट सांगतो. या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे आपल्या लखनौमध्ये जन्मलेले! तेव्हा त्यांचं वय होतं अवघं चोवीस. पुढं १९६४ साली त्यांनी याच मालिकेतली 'मार्को पोलो' ही कथाही केली. चीनच्या वाटेवरच्या प्रसिद्ध प्रवाशाची कथा, एकूण सात भागांची. (त्यातला एक भाग दुसऱ्या दिग्दर्शकानं केला.)

हे सात भाग बघायची तुम्हांला इच्छा झाली? थांबा. त्यातला एकही भाग आज आपल्याला पाहायला मिळत नाही. सातच्या सात हरवले!

हरवले म्हणजे काय झालं?

चोरी झाली नाही, आगही लागली नाही. ते चक्क पुसून टाकले!

त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या टेपवर साठवत. टेप फार महाग. एकदा कार्यक्रम दाखवून झाला की तिच्यावरचं सगळं पुसायचं आणि तीच टेप नव्या कार्यक्रमाला वापरायची, अशी पद्धत होती. पाटी पुसून पुन्हा लिहावं तसं! घरोघरी व्हिडिओ नव्हते. जुना कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर कलाकारांशी पुन्हा करार करावा लागे. त्यात रंगीत टीव्ही आला. आता हे जुनं काळंपांढरं कोण बघणार, असं साहेबांना वाटलं.

मात्र पुसण्याआधी एक काम केलेलं होतं. परदेशांत विकण्यासाठी या भागांच्या १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढल्या होत्या. पण विक्री थंडावल्यावर बी.बी.सी.नं १९७० नंतरच्या काही वर्षांत आपल्याजवळच्या या प्रतीही टाकून दिल्या. हा प्रकार थांबला १९७८ साली. मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले होते. त्यातले शंभराहून जास्त तोवर हातचे गेले होते.

मग शोधणाऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घरातली प्रत गेली, पण पाहुण्याकडं पाठवलेली?

अरबस्तानातली शोधाशोध

एक फिल्म एकाच देशात राहत नसे, बरं का! वर्गात एकच गोष्टीचं पुस्तक असलं की ते आळीपाळीनं सगळ्यांकडं फिरतं, तशी ती फिरे. एका देशानं दाखवून झालं की खोकी पुढच्या देशाला रवाना. शेवटच्या देशानं ती इंग्लंडला परत धाडायची किंवा नष्ट करायची.

अरब देशांसाठी यातल्या काही भागांवर अरबी संवाद चढवले होते. खोटं वाटतं? २००६ साली निघालेल्या एका डी.व्ही.डी.वर एका भागाचा असा अरबी आवाज मुद्दाम दिलेला आहे. म्हाताराबुवा खुशाल अरबीत बोलतात!

पण कोणता भाग कोणत्या देशात, कधी दाखवला, हे कळणार कसं? इथं कामाला आली ती रद्दी! म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. तुमच्या घरी येणाऱ्या पेपरात 'आजचे दूरदर्शन कार्यक्रम' असा एक चौकोन असायचा, तो आईबाबांना आठवत असेल. तसाच चौकोन तिकडच्या पेपरांतही होता. शोधणाऱ्यांनी ग्रंथालयांत बसून वर्षानुवर्षांचे अंक चाळले.

काम सोपं नव्हतं. अरबी उजवीकडून डावीकडं लिहितात. त्यात बारीक स्वर सहसा लिहीत नाहीत. मग 'डॉक्टर हू' हे नाव एका पेपरानं एका तऱ्हेनं लिहिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं, किंवा नावाचं भाषांतरच करून टाकलं, तर ओळखायचं कसं? म्हणून दोन पेपर शेजारी ठेवायचे. ट्युनिशिया, मोरोक्को आणि लेबनॉन इथं फ्रेंच भाषेतही वर्तमानपत्रं निघत. अरबी पेपरात न उलगडलेलं नाव फ्रेंच पेपरात, त्याच दिवशी, त्याच वेळेपुढं सापडू शकतं.

मग आकडेमोड. समजा, एका देशात आठवड्याला एक भाग याप्रमाणे ओळीनं सात आठवडे मालिका दिसली. ती सात भागांची कथा असू शकेल. ती संपल्यावर काही आठवड्यांनी शेजारच्या देशात सुरू झाली. म्हणजे बहुधा तीच खोकी पुढं सरकली! बैल उदगीरहून भालकीला गेला, तसं.

पण दोस्तांनो, इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पेपरातल्या चौकोनावरून फक्त एवढंच कळतं, की त्या दिवशी तो कार्यक्रम छापला होता. ऐन वेळी तो बदललाही असेल. आणि दाखवला असला, तरी फिल्म अजून तिथं आहे असं थोडंच आहे? माग लागला म्हणजे बैल सापडला असं नाही. बैल सापडायला शेवटी कुणाला तरी गोठ्यात जाऊन पाहावंच लागतं.

गोठ्यात बैल सापडला!

आणि काही वेळा तो सापडलाही. १९८४ साली नायजेरिया आणि सायप्रस या देशांतून काही भाग परत आले. १९९१ संपता संपता हाँगकाँगहून एका कथेचे चारही भाग मिळाले. आणि २०१३ साली तर बातमीच फुटली. नायजेरियातल्या जॉस नावाच्या शहरातल्या एका टीव्ही केंद्रात धूळ खात पडलेल्या डब्यांतून तब्बल नऊ हरवलेले भाग निघाले! तेव्हा हरवलेल्यांची संख्या १०६ वरून ९७ वर आली.

'मार्को पोलो'चं काय? त्याची फिल्म नाही सापडली. पण त्याचा आवाज आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आहे! आणि तो कुणी जपला, माहीत आहे? कुठल्या कचेरीनं नव्हे, मालिकेच्या वेड्या प्रेक्षकांनी. काही जण टीव्हीसमोर टेपरेकॉर्डरचा माइक धरून बसायचे. घरातल्यांनी तेव्हा त्यांना नावंही ठेवली असतील.

शिवाय त्या काळी लंडनमध्ये जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार होते. कार्यक्रम चालू असताना ते टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढत आणि कलाकारांना, दिग्दर्शकांना विकत. 'मार्को पोलो'च्या सहा भागांचे असे फोटो आपल्या लखनौच्या वारिस हुसेन यांनी जपून ठेवले होते. आज ती चित्रं उरली आहेत.

आपल्या घरचं काय?

तुम्ही म्हणाल, "हे झालं इंग्लंडचं. आपल्याकडं काय?" आपली गोष्ट तर याहून मोठी आहे.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. त्याची चार रिळं होती. आज पहिलं आणि शेवटचं अशी दोनच आहेत. तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची एकही प्रत आज ठाऊक नाही.

कुठं गेल्या प्रती? जुनी नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई. शिवाय फिल्ममध्ये थोडी चांदी असते. ती काढण्यासाठी किती तरी चित्रपट भंगारात गेले.

या भंगारातून चित्रपट वाचवण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी तिथं पी. के. नायर नावाचे गृहस्थ कामाला लागले. मूळचे केरळचे. हा माणूस खरा मागकरी! नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांना भेटून त्यांनी त्यांच्याकडची रिळं मिळवली. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'चा मोठा भाग त्यामुळं वाचला. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची छोटी मुलगी, मंदाकिनी. ती आजही पडद्यावर पाण्यात उडी घेते!

नायर १९९१ साली निवृत्त झाले आणि २०१६ साली गेले. त्याच वर्षी संग्रहालयाला एक आनंदाची गोष्ट मिळाली. 'बिल्वमंगल' हा १९१९ सालचाच भारतीय मूकपट फ्रान्समधल्या संग्रहालयात सापडला होता. त्याचा उरलेला भाग पुण्याला मिळाला. आपलं हरवलेलं पॅरिसला पाहुणं राहिलं होतं!

तुम्हीही व्हा मागकरी

आता कामाचं बोलू. या सगळ्या गोष्टीत वस्तू कुठं वाचली ते पाहा. कधी लांबच्या गावी, कधी अडगळीत, आणि बऱ्याचदा कुणा साध्या माणसाच्या घरी. असं घर तुमचंही असू शकतं.

आज संध्याकाळी आजी-आजोबांना विचारा. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये पहिला सिनेमा कोणता पाहिला? गावात पहिला टीव्ही कुणाकडं आला? १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' बघायला कुणाच्या ओसरीवर गर्दी व्हायची? उत्तरं वहीत लिहा. आणि मागकऱ्यासारखं दुसऱ्या कुणाला तरी विचारून ताडूनही पाहा, कारण आठवणही कधी कधी चकवा देते.

घरातल्या जुन्या फोटोंमागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं आणि साल लिहा. ट्रंकेतल्या जुन्या कॅसेटवर काय आहे ते ऐकल्याशिवाय ती टाकू नका. लग्नाच्या गाण्यांमध्ये पणजीच्या ओव्या असतील! मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून काही पुसायची वेळ आली, तर आधी एकदा ऐका, पाहा, घरच्यांना विचारा.

आईबाबांनो, एक विनंती तुम्हांलाही. पोरं खुळ्यासारखी काही साठवत बसली, तर लगेच रद्दीवाल्याला हाक मारू नका. 'मार्को पोलो'चा आवाज अशाच कुणा खुळ्यानं राखला आहे.

चला तर मग, लागा मागावर!