जुन्या गाडीचा एसी गार करत नसेल तर

श्रीगोंद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जुन्या गाडीचा एसी मान टाकतो. अशा वेळी ‘गॅस भरून घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो लगेच ऐकू नका. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. पाइपाच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर बहुतेक तीच जागा. गळती न काढता भरलेला गॅस म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. गरजेपेक्षा जास्त भरला, तरीही गारवा घटतोच.

दौंड रस्त्याला गाडी धावताना गार हवा येते आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे थांबली की गरम? मग कंडेन्सर आणि त्याचा पंखा तपासा. रेडिएटरच्या पुढच्या या जाळीत धूळ, पाचटाचा भुसा, किडे अडकतात. इंजिन थंड असताना हलक्या धारेने धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती वाकतात. हवाच कमी येत असेल, तर केबिन फिल्टर पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नसतोच.

१९९०च्या दशकातल्या अनेक गाड्यांत ‘आर-१२’ गॅस असे. ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार (१९८७) तो बंद झाला. पुढे आलेला ‘आर-१३४ए’ ओझोनला अपाय करत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. म्हणून जुना गॅस हवेत सोडू न देता यंत्राने काढून घेणाऱ्या मेकॅनिककडेच गाडी न्या.